भारी काळी जमीन : परसबागेतील सुधारणा

भारी काळी जमीन म्हणजे दख्खनच्या पठारावरील बेसॉल्ट खडकाची झीज होऊन बनलेली, चिकणमातीने समृद्ध मृदा. हिला ‘रेगूर’ असेही म्हणतात. गोदावरी, भीमा, कृष्णा, तापी आणि पूर्णा यांच्या खोऱ्यांत ती खोल आढळते. चिकणमातीचे कण ०.००२ मिमी.हून बारीक असतात आणि या जमिनीत त्यांचे प्रमाण बहुधा ४० ते ६० टक्के असते.

गुणधर्म : या मातीतील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसते. म्हणून पावसाळ्यात जमीन चिकट होते आणि उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. पाणी व अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची तिची ताकद मोठी आहे. अडचण हवेची असते. ओल्या मातीत मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती कुजतात. चुनखडीचे प्रमाण जास्त असल्यास झाडाला लोह घेता येत नाही. लिंबासारख्या झाडांची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात.

ओळख : ओलसर माती तळहातावर वळून तिची बारीक वळी करावी. वळीचे कडे न तुटता झाले, तर जमीन भारी समजावी.

वाफसा : माती पुरेशी ओली आणि तरीही हवेशीर असते, ती अवस्था म्हणजे वाफसा. मुठीत दाबलेला गोळा बोटाने ढकलताच फुटला, तर वाफसा आला असे समजावे. खुरपणी-खोदणी तेव्हाच करावी. चिखलात कुदळ चालवली की माती दाबली जाते आणि वाळल्यावर दगडासारखी ढेकळे राहतात. उन्हाळ्यात उकरून तापवलेली ढेकळे मात्र पहिल्या पावसात आपोआप विरघळून भुसभुशीत होतात, कारण फुगणे-आकसणे हीच या जमिनीची नैसर्गिक मशागत आहे.

सेंद्रिय पदार्थ : सुधारणेचा मुख्य आधार हाच. सेंद्रिय पदार्थांवर जगणारे सूक्ष्मजीव व गांडुळे मातीचे बारीक कण चिकटवून रवाळ कण बनवतात आणि त्यांच्यामधल्या पोकळीतून हवा व पाणी खेळते. चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट ५ ते ७ सेंमी. जाडीने पसरून वरच्या १५ ते २० सेंमी. थरात मिसळावे. कच्चा लाकडी भुसा मिसळू नये; तो कुजताना मातीतील नत्र अडकून पडते. पावसाळ्याच्या आरंभी ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याच्या सुमारास जमिनीत गाडल्यास उत्तम हिरवळीचे खत मिळते. पालापाचोळ्याच्या आच्छादनाने भेगा कमी पडतात.

निचरा : गादीवाफे १५ ते ३० सेंमी. उंच करावेत आणि भोवती उताराचा चर ठेवावा. वाफ्यावर पाय देऊ नये. झाडासाठी खड्डा खोदून त्यात हलकी माती भरणे घातक ठरते. भोवतालच्या घट्ट मातीमुळे असा खड्डा हौदासारखा पाणी साठवतो. त्यापेक्षा झाड उंचवट्यावर लावावे.

वाळू व जिप्सम : थोडी वाळू मिसळून जमीन हलकी होत नाही, वाळूच्या कणांमधल्या फटी चिकणमातीने भरतात आणि थर अधिकच घट्ट होतो. जिप्समचा उपयोग चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या, जमिनीत होतो. त्यातील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेते, मग पाणी देऊन सोडियम धुऊन काढावे लागते. पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात ही समस्या तीव्र आहे. सामान्य काळ्या जमिनीत कॅल्शियम मुळातच भरपूर असते, म्हणून माती तपासल्याशिवाय जिप्सम टाकू नये.

कालावधी : उष्ण हवामानात सेंद्रिय पदार्थ झपाट्याने जळून जातात, म्हणून खत व आच्छादन दरवर्षी द्यावे लागते. दोन-तीन पावसाळ्यांनंतर पाणी साचून न राहता मुरू लागते आणि वाफ्यावर गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक ढिगल्या दिसू लागतात. या खुणा दिसल्या की जमीन सुधारू लागली असे समजावे. तिची पाणी धरण्याची मूळ ताकद तेव्हाही कायम असते आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच झाडांना तारते.