पुतळीचं माहेर

उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये एखाद्या सराफाकडे पुतळीहार मागितला, की लक्ष्मी छापलेल्या पातळ चकत्यांची माळ पुढे येते. प्रत्येक चकतीला वर एक कडी. घेणारीही तिला पुतळीच म्हणते, पण पुतळी हे मुळात नाण्याचं नाव.

नाणी गळ्यात घालायची हौस पुतळीहूनही जुनी, रोमन नाण्यांच्या काळातली. १९४९ पर्यंत उल्हासनगर ‘कल्याण कॅम्प’ होतं, आणि कल्याण ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक पुस्तकात ‘कल्लिएना’ म्हणून येतं. तिथे शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेत, असं त्यात लिहिलंय. भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी नफ्यात बदलून मिळत. हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, ही रोमन लेखक प्लिनीची कुरकुर त्याच शतकातली.

रोमचं सोन्याचं नाणं ऑरियस. नीरोच्या एका ऑरियसवर पुढे सम्राटाचं डोकं आणि मागे जानुस देवाचं मंदिर आहे, दारं बंद असलेलं. सगळीकडे शांतता झाली की ती दारं लावायची, अशी रोमची रीत. दक्षिण भारतात सापडलेल्या कित्येक ऑरियसांना सम्राटाच्या डोक्यावर दोन भोकं पाडलेली आहेत. ओवलं की चेहरा लोकांना दिसणार आणि मागचं चित्र, मग ते मंदिर का असेना, गळ्याला घासणार! मराठवाड्यातल्या तेरला तर रोमन नाण्यांवरून साच्यात काढलेली मातीची पदकंही मिळाली.

पुतळी मात्र व्हेनिसची. तिथला डुकाट १२८४ मध्ये निघाला आणि पाचशे वर्षं जवळपास तसाच राहिला: साडेतीन ग्रॅम, अगदी चोख सोनं. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दोघांमध्ये झेंड्याची काठी. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांनी वेढलेला ख्रिस्त. लॅटिन इथे कोण वाचणार? दोन बाहुल्या दिसल्या, नाव पडलं पुतळी. सभासद बखरीतल्या शिवाजी महाराजांच्या खजिन्याच्या यादीतही ती आहे. पुढे इथेच नकला निघू लागल्या. त्यांत अक्षरांच्या नुसत्या रेघोट्या उरल्या आणि मूर्ती हळूहळू आपल्या देवांसारख्या दिसू लागल्या.

तेव्हा आजीची माळ मोडीत घालण्याआधी एकेक पुतळी भिंगाखाली धरा. गुडघे टेकलेला माणूस आणि झेंड्याची काठी दिसली, तर ती आधी नाणी जाणणाऱ्याला दाखवा. सराफ फक्त वजन करील.