वांकिडीकडचं 'गुलाब' अत्तर: मनगटावर केलेली तपासणी

वांकिडी, आसिफाबाद, राजुरा या पट्ट्यातल्या जुन्या लग्नांच्या आठवणी जमवायला बसलं की एक वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतं: "वऱ्हाड आलं की गुलाबाचं अत्तर लावायचे." कुणी त्यात 'हैदराबादचं' अशी भर घालतं. आपणही ते तसंच वहीत उतरवून घेतो. मला मात्र या 'गुलाबा'विषयी शंका होती. कागदांवरून ती फिटण्यासारखी नव्हती, म्हणून गेल्या उन्हाळ्यात पाच-सहा वास आळीपाळीने अंगावर वापरून पाहिले. त्याच्या या नोंदी.

आधी थोडा भूगोल. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच आदिलाबाद जिल्ह्यात, हैदराबादच्या राज्यात होता. पुढे राजुरा तालुका नांदेडला आणि १९५९ मध्ये चांद्याला जोडला गेला. वांकिडी इकडेच राहिली. म्हणजे आजी-पणजीच्या काळात आपली राजधानी हैदराबाद. चारमिनारजवळच्या अत्तरवाल्यांकडून कुप्या येणं साहजिकच. पण अत्तर लावायचा रिवाज केवळ निजामी नाही. पेशवाईतही अत्तर-गुलाब आणि पानसुपारी झाली की पाहुण्याने उठायचं, एवढा तो संकेत ठरलेला होता. हळदीकुंकवातली अत्तरदाणी-गुलाबदाणी ही त्याचीच घरगुती आवृत्ती म्हणता येईल.

लेखी साधनं कमी नाहीत. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात उटी-विलेपनाचा वेगळा भाग आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहासाठी 'इत्र-ए-नौरस शाही' हा फारसी ग्रंथ झाला. आणि आपल्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचा म्हणजे 'गंधवाद': पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी 'गंधसारा'सोबत उजेडात आणलेला, आणि चक्क मराठी टीकेसह! सुगंध कसा करायचा हे मराठीत समजावून देणारी माणसं जुन्या काळी होती, ही गोष्ट शाळेत कुणी सांगितली नाही. 'गंधसारा'त सुगंध बनवण्याच्या ज्या क्रिया दिल्यात त्यांत एक 'वासन' आहे. तेलुगूत आजही वासाला वासनच म्हणतात. आपल्याकडे त्याच शब्दाची वासना झाली आणि ती मनात शिरून बसली. असो.

हे ग्रंथ काय किती घालायचं ते सांगतात. पण वास अंगावर किती वेळ टिकतो, घामात त्याचं काय होतं, शेजारी बसलेल्याला तो कधी पोचतो, हे लावल्याशिवाय कळत नाही. म्हणून रोज सकाळी आंघोळीनंतर डाव्या मनगटावर एक, उजव्यावर दुसरं, असा क्रम ठेवला. एका दिवसात दोनच. तिसरा वास घेतला की नाक सगळ्यालाच 'छान' म्हणतं.

खस सगळ्यात सरळ. ओल्या वाळ्याच्या ताट्यांचा वास, हिरवा, जरा मातकट. भर दुपारी लावला तरी डोक्यावर चढत नाही. मिट्टी अत्तराने चकित केलं. कन्नौजला भाजलेल्या मातीच्या चकत्या तांब्याच्या देगेत घालून त्यांची वाफ भपक्यातल्या चंदनतेलात उतरवतात. पहिल्या पावसाच्या वासाला १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 'पेट्रिकोर' नाव दिलं, तेव्हा त्यांनाही या कन्नौजी अत्तराची दखल घ्यावी लागली. माझ्या मनगटावर पहिली दहा मिनिटं तो अगदी नव्या माठात पाणी भरल्यासारखा होता. मग माती गेली आणि चंदन उरलं.

हिना मात्र मे महिन्यात वांकिडीत लावायची गोष्ट नव्हे. नाव मेंदीचं, पण बाजारात हिना म्हणून मिळतं ते बहुधा मसाले, मुळ्या आणि सुगंधी वनस्पती यांचं गरम मिश्रण. अकरा वाजता लावलं आणि एक वाजता स्वतःलाच नकोसं झालं. थंडीत तेच शालीसारखं वाटतं. उन्हाळ्यात खस-गुलाब आणि थंडीत हिना-शमामा हा जुन्या लोकांचा नेम नुसता शौक नव्हता, हे दोन तासांत पटलं. तुलनेसाठी घेतलेला बाजारातला स्प्रे खोलीभर लगेच पसरला आणि जेवणापर्यंत उडून गेला. त्यात अल्कोहोल, अत्तरात चंदनतेल, फरक तिथेच. निरोपाच्या वेळी लावलेलं अत्तर पाहुण्याबरोबर त्याच्या गावापर्यंत जायचं ते या चंदनामुळे. (आता चंदन परवडत नाही म्हणून पुष्कळदा लिक्विड पॅराफिनवर भागवतात. ते मनगटावर तेलकट राहतं, वास मात्र मागे उरत नाही.)

आता गुलाब. चांगलं, महाग गुलाब अत्तर लावलं तेव्हा पहिला विचार आला तो गुलकंदाचा. गोड, जड, थोडं मधासारखं. पण आपल्याकडची जुनी माणसं वर्णन करतात ते असं नसतं. ती म्हणतात, "नाकात झणझणायचं", "लिंबासारखं ताजं". गुलाब झणझणत नाही. झणझणतो तो रोशा.

रोशा, म्हणजे रोहिस किंवा तिखाडी गवत, आपल्या कोरड्या सागवानी रानांतलं. पावसाळा सरता सरता फुलावर येतं, तेव्हा पातं चुरगाळलं की बोटांना वास लागतो. त्याच्या दोन जाती, मोतिया आणि सोफिया. चांगलं तेल मोतियाचं. (मोगऱ्याच्या अत्तरालाही मोतियाच म्हणतात, तेव्हा जुन्या यादीत नुसतं 'मोतिया' दिसलं तर घाई करू नये.) या तेलाचा मुख्य घटक जिरॅनिऑल, आणि तोच गुलाबातही असतो. व्यापाऱ्यांना रसायनाचं नाव ठाऊक नव्हतं, पण नाक होतं. एकोणिसाव्या शतकात खानदेश, निमाड भागात ओढ्याकाठी भट्ट्या लावून काढलेलं हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या बंदरांमार्गे इस्तंबूलला जाई. तिथे ते डिंकाच्या पाण्यात घुसळून उन्हात ठेवत आणि मग गुलाबाच्या तेलात मिसळत. युरोपात त्याला 'तुर्की जिरेनियम' म्हणत. तुर्कस्तानात मात्र ते जिरेनियम उगवतच नव्हतं. एक किलो शुद्ध गुलाबतेलाला साधारण ३,००० ते ४,००० किलो फुलं लागतात. हे गणित पाहिलं की भेसळीचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

मी रोशाचं तेल तिळाच्या तेलात पातळ करून लावलं. नुसतं लावलं तर कातडी चुरचुरते. आधी लिंबू आणि सुंठ, पाच मिनिटांनी खरोखर गुलाब, तासाभरात सुकं गवत. दुसऱ्या दिवशी एक थेंब रोशा आणि दहा थेंब चंदनतेल असं मिसळलं. तो गुलाब दुपारपर्यंत राहिला.

मग तीन कुप्या, नाव न सांगता, ऐंशी पार केलेल्या माझ्या आत्याच्या हातावर लावल्या. तिचं लग्न वांकिडीतच झालं. महागाचं गुलाब हुंगून म्हणाली, "हे मिठाईचं आहे काय रे?" पातळ केलेल्या रोशाला लगेच, "हे गुडघ्याचं तेल. आमची सासू चोळायची." आणि चंदनातल्या रोशाला हात नाकापासून न हलवता: "हं. हे आपलं गुलाब."

एका आत्याच्या नाकावर जिल्ह्याचा इतिहास लिहिता येत नाही. तिच्या लग्नातल्या कुपीत रोशा होता, असं यातून सिद्ध होत नाही. दोन वासांतलं साम्य तिला जाणवलं, एवढंच नक्की. पण मुलाखतीतलं 'गुलाबाचं अत्तर' हे वाक्य आपण लेखात 'गुलाबफुलांचं अत्तर' असं करून टाकतो, ते थांबवायला हवं. 'गुलाब' हे बाजारातलं नाव आहे. कुपीत काय होतं, हा वेगळा प्रश्न. आणि हा फरक सांगू शकतील अशी नाकं आता गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. आत्याच्या बरोबरीच्या दोघींना तर आता वासच येत नाही.

तेव्हा पुढच्या मुलाखतींना जाताना वहीबरोबर तीन कुप्या न्याव्यात, असं मी सुचवलं आहे. विचारायचं ते असं: वास कसा होता, किती वेळ राहायचा, लावून देणारा कोण, आणि तेच तेल घरात दुखण्यावर होतं का? केरामेरी, जैनूर, जिवती किंवा राजुऱ्याच्या डोंगराकडे रोशाची भट्टी पेटलेली कुणी पाहिली असेल, तर ती कोणत्या ओढ्यावर होती आणि तेल कुठे विकलं जायचं, एवढं तरी लिहून ठेवा. घरात जुनी अत्तरदाणी असेल तर कृपा करून अजून घासू नका. झाकणाच्या आतल्या बाजूला आधी नाक लावून बघा.