जुन्या सुवाह्य संगणकातील कपॅसिटर-बदल : दुरुस्ती आणि ऐतिहासिक साधनाचे जतन

प्रस्तावना

ताम्रपट, नाणी व दफ्तरे ही इतिहासाची रूढ साधने होत. विसाव्या शतकाच्या अखेरच्या काळाचा अभ्यास करताना संगणकही साधन ठरतो. अशा यंत्राचा सदोष मूळ भाग बदलावा की तसाच राखावा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात मॅकिन्टॉश पोर्टेबल या संगणकाच्या आधारे केला आहे.

पार्श्वभूमी

अ‍ॅपल कंपनीने हा संगणक सप्टेंबर १९८९ मध्ये बाजारात आणला. शिसे-आम्ल बॅटरीवर चालणाऱ्या या यंत्राचे वजन सुमारे ७ किलो होते. त्याच्या सर्किट बोर्डावर पृष्ठभागीच डाख दिलेले लहान अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रोलाइटिक कपॅसिटर होते. विद्युतदाब स्थिर राखणे हे त्यांचे कार्य. या प्रकाराचा उगम कारोल पोलाक यांच्या १८९६ च्या पेटंटपर्यंत मागे नेता येतो.

दोषाचे स्वरूप

अशा कपॅसिटरमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमधील कागद इलेक्ट्रोलाइट द्रवाने भिजवलेला असतो. कालांतराने रबरी बूच निकामी होऊन हा द्रव झिरपतो व तांब्याच्या वाहक रेषा गंजवतो. यंत्र सुरू होत नाही. तथापि बॅटरी निकामी झाल्यासही हेच लक्षण दिसते. म्हणून दोन्ही कारणे स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक ठरते.

दुरुस्तीची प्रक्रिया

जुना कपॅसिटर तांब्याची रेषा न उखडता काढावा लागतो. सांडलेला द्रव आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्याशिवाय नवा भाग बसविल्यास गंज चालूच राहतो. बदली म्हणून टँटलम कपॅसिटर वापरल्यास खुणेकडे विशेष लक्ष द्यावे लागते. अ‍ॅल्युमिनियमच्या डबीवरील काळी खूण ऋण टोक दर्शविते, तर टँटलमवरील पट्टी धन टोक दर्शविते. उलट बसविलेला टँटलम कपॅसिटर जळू शकतो.

विवेचन

मूळ भाग बदलल्याने साधनाचे अस्सलपण उणावते, हा आक्षेप निराधार नाही. निर्मितीकाळाचा पुरावा त्या भागातच असतो. परंतु येथे मूळ भागच उर्वरित साधनाचा नाश करीत असतो. त्याला हात न लावणे म्हणजे जतन नव्हे. शिवाय मॅकिन्टॉशच्या ८०० किलोबाइट फ्लॉपी सर्वसामान्य पीसीच्या ड्राइव्हमध्ये वाचता येत नाहीत, कारण त्यांच्या लेखनाची पद्धती वेगळी होती. पोर्टेबलचा ड्राइव्ह त्या वाचतो. यंत्र गेल्यास अशा फ्लॉपींवरील मजकूर वाचण्याचे एक साधनही जाते.

निष्कर्ष

कपॅसिटर बदलणे हा ऐतिहासिक साधनातील हस्तक्षेप आहे. मात्र तो समर्थनीय आहे. त्यासाठी दुरुस्तीपूर्व छायाचित्रे घ्यावीत, काढलेले भाग वेष्टनात जपावेत आणि नव्या भागांची मूल्ये व बदलाचा दिनांक नोंदवावा. नोंदीविना केलेली दुरुस्ती यंत्र वाचविते, पण त्याचा इतिहास पुसट करते.