भरून पावलो

जुन्या दस्तऐवजांत पैसे मिळाल्याची कबुली ‘रक्कम भरून पावलो’ अशा शब्दांत दिलेली आढळते. बोलण्यात मात्र हाच शब्दप्रयोग वैतागाने किंवा उपरोधाने येतो. यंत्रात हात गमावलेल्या माणसाने हे शब्द केव्हा लिहून द्यावेत आणि ते कितपत खरे मानावेत, हा प्रश्न 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या गाभ्याशी होता.

हा कायदा 1 जुलै 1924 रोजी अमलात आला. इंग्लंडमध्ये असा कायदा 1897 सालीच झाला होता. मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे त्याने कामगाराच्या शिरावरून उतरवले. कामामुळे व काम करत असताना अपघात झाला, एवढे सामान्यतः पुरेसे ठरले. त्याचबरोबर शरीराचा हिशेबही मांडला गेला. मूळ परिशिष्टात कोपरापासून उजवा हात गेल्यास कमाईच्या शक्तीची हानी 70 टक्के, डावा गेल्यास 60, एका डोळ्यास 30, तर अंगठ्यास 25 टक्के धरली होती.

खरी गुंतागुंत होती ती तात्पुरत्या अपंगत्वाची. अशा कामगारास दर पंधरवड्यास हप्ता मिळे, तोही जास्तीत जास्त पाच वर्षे. तोवर दावा खुला राही. वैद्यकीय दाखला जोडून कोणत्याही पक्षास फेरविचार मागता येई. हप्ता वाढे, घटे वा बंदही होई. परस्परसंमतीने, किंवा सहा महिन्यांनंतर कोणाही एका पक्षाच्या अर्जावरून, हप्त्यांऐवजी एकरकमी रक्कम ठरवून विषय मिटवता येई. मिटवल्यावर मात्र दुखणे बळावले तरी हप्त्याच्या फेरविचाराची वाट उरत नसे.

येथेच कायद्याने कामगाराच्या अंगठ्यावर अविश्वास दाखवला. एकरकमी तडजोडीचा करार आयुक्तांकडे नोंदवणे आवश्यक होते. रक्कम अपुरी असेल, किंवा करार फसवणुकीने वा गैरवाजवी दडपणाखाली झाला असेल, तर आयुक्त नोंदणी नाकारू शकत. नोंदणीच न करणाऱ्या मालकावर पूर्ण भरपाईची जबाबदारी राही आणि आयुक्तांनी वेगळा आदेश दिला नाही, तर आधी दिलेल्या पैशांपैकी निम्म्याहून अधिक वजावट त्यास मिळत नसे.

सज्ञान माणसाच्या संमतीवर असा पहारा बसवणे हा त्याचा अवमान नव्हे काय? आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु करारस्वातंत्र्यामागे एक न उच्चारलेली अट असते: दोन्ही पक्षांना थांबता आले पाहिजे. मालक थांबू शकतो. चूल थांबत नाही. वाण्याची उधारी वाढलेल्या घरात आज हाती येणारी रक्कम पाच वर्षांच्या हप्त्यांहून मोठी भासते. कायद्याने संशय घेतला तो माणसाच्या बुद्धीवर नव्हे, त्याच्या अगतिकतेवर.

परिशिष्टाची मर्यादा मात्र न्यायालयात उघडी पडली. डावा हात कोपराच्या वर तोडावा लागलेल्या एका सुताराच्या प्रकरणात 1975 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचे अपंगत्व संपूर्ण मानले. सुतारकाम एका हाताने होत नाही, हे साधे सत्य टक्केवारीहून मोठे ठरले. शिवाय भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, असेही न्यायालयाने सांगितले.

2009 च्या दुरुस्तीने कायद्याच्या नावातील ‘कामगार’ जाऊन ‘कर्मचारी’ आला. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. नावे बदलली, तरी जखम आणि गरज यांचे वेळापत्रक जुळत नाही. जखमेचा पुरता हिशेब कळायला वर्षे लागतात. गरज पहिल्याच आठवड्यात सही मागते. ‘भरून पावलो’ हे शब्द कागदावर उमटतात ते बहुधा या दोहोंमधल्या अंतरात. म्हणूनच ते वाचणारा तिसरा कोणीतरी असावा लागतो.