संशोधकाचे ऋण आणि संदर्भांची मोजदाद

आपल्या समाजातील कित्येक मुले-मुली आता रसायनशास्त्राचा उच्च अभ्यास करीत आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु संशोधकाची योग्यता कशी ठरवितात, असा प्रश्न पालक वारंवार विचारतात. आम्ही शास्त्रातील पंडित नव्हे. तथापि एका थोर रसायनशास्त्रज्ञाच्या चरित्रावरून ह्या प्रश्नाचा विचार करण्याचे योजिले आहे.

संशोधक आपल्या निबंधात पूर्वसूरींच्या ज्या कार्याचा आधार घेतो, त्याचा निर्देश करतो. अशा निर्देशांची सूची अमेरिकेतील यूजीन गारफील्ड ह्यांनी १९६४ साली 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ह्या नावाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पुढे २००५ साली हर्श नामक पदार्थविज्ञानवेत्त्याने 'एच' हा अंक सुचविला. ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी निदान वीस वेळा उल्लेख झाला, त्याचा अंक वीस. सोय मोठी खरी. पण तिच्यात किती सत्य मावते?

डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन ह्यांचा जन्म १९०१ साली मद्रासेत झाला. मँचेस्टर येथे प्रा. रॉबर्ट रॉबिन्सन ह्यांच्या हाताखाली शिकून ते लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात अध्यापक झाले. १९३४ साली ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रविद्या विभागात आले आणि १९३८ साली त्याचे पहिले भारतीय संचालक झाले. १९५७ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही पहिले भारतीय संचालकपद त्यांच्याकडे आले व ते त्यांनी १९६६ पर्यंत सांभाळले. त्यांच्यामागून तेथे आले ते त्यांचेच शिष्य डॉ. बाळ दत्तात्रेय टिळक. लाखेतील तांबडा रंग, फणसाच्या लाकडातील पिवळी द्रव्ये ह्यांच्या रेणूंची घटना वेंकटरामन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडली. कृत्रिम रंगांच्या रसायनावरील त्यांच्या ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ साली निघाले. १९७८ पर्यंत ते आठ झाले. १९८१ साली ते निवर्तले.

परंतु त्यांचे नाव जगभर झाले ते लाहोरच्या एका शोधामुळे. वनस्पतींतील पुष्कळ पिवळी द्रव्ये 'फ्लेव्होन' वर्गातील असतात. ती प्रयोगशाळेत घडविताना असे आढळले की, सोडामाइडसारख्या तीव्र अल्कलीच्या योगाने ऑक्सिजनला जोडलेला ॲसिल गट तेथून सुटतो आणि त्याच रेणूतील जवळच्या कार्बनला जाऊन जडतो. मग आम्लाच्या साहाय्याने वलय जुळले की फ्लेव्होन सिद्ध होते. इंग्लंडात विल्सन बेकर ह्यांनीही १९३३ साली हीच क्रिया प्रसिद्ध केली. म्हणून तिला 'बेकर-वेंकटरामन पुनर्रचना' म्हणतात.

येथेच मोजदाद अपुरी पडते. क्रिया नावाने रूढ झाली की अनेक लेखक केवळ नाव घेतात, मूळ निबंधाचा निर्देश करीत नाहीत. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन ह्यांनी ह्या प्रकाराकडे लक्ष वेधले होते. ज्ञान सर्वांचे झाले, की त्याच्या कर्त्याच्या खाती जमा होणे थांबते. विहिरीचे पाणी गाव रोज पिते, पण ती खणणाऱ्याची आठवण रोज कोण काढतो?

दुसरी गोष्ट अधिक मनाला लागणारी आहे. १९३३ व १९३४ च्या मूळ निबंधांवर वेंकटरामन ह्यांच्या आधी एच. एस. महल हे नाव आहे. क्रियेच्या नावात मात्र महल नाहीत. मूळ निबंधाचा निर्देश करणारा लेखकच त्यांचे नाव जिवंत ठेवतो.

आपल्या पूर्वजांनी देवऋण व पितृऋण ह्यांबरोबर ऋषिऋणही मानले. ज्याच्यापासून ज्ञान घेतले त्याचे नाव सांगणे, ही त्या ऋणाची अल्पशी फेड होय. अंक नोकरीस उपयोगी पडेल, त्याचा आम्ही तिरस्कार करीत नाही. पण संशोधन करणाऱ्या आमच्या मुला-मुलींनी मूळ निबंध काढून वाचावा, त्यावरील सर्व नावे लिहावी आणि आपल्या हाताखालच्या विद्यार्थ्याचे नाव कधी गाळू नये, एवढीच आमची त्यांना विनंती आहे.