एम्प्रेस मिलची ओली हवा

मार्च २०१९ मध्ये नागपूरची मेट्रो धावू लागली आणि तिच्या काही स्थानकांना मिळालेल्या 'प्लॅटिनम' हरित मानांकनाचा अभिमानाने उल्लेख होऊ लागला. वीज, पाणी, बांधकामाचे साहित्य, आतली हवा यांना गुण देऊन इमारतीची प्रत ठरवण्याची ही पद्धत आपल्याकडे नवीच. भारतीय हरित इमारत परिषद स्थापन झाली २००१ साली. परंतु मोठी वास्तू उभारताना हवापाण्याचा हिशेब मांडणे या शहराला नवे नाही. ती कथा जुम्मा तलावापाशी, एम्प्रेस मिलपासून सुरू करावी लागते.

१ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले गेले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी ही गिरणी सुरू केली. जागा दलदलीची होती. 'हा गृहस्थ जमिनीत पैसा पुरतो आहे' असे म्हणून एका सावकाराने भांडवल नाकारले, ही आख्यायिका प्रसिद्धच आहे. (पुढे त्याच सावकाराने शब्द फिरवला, असेही सांगतात. आख्यायिकांना असा शेवट लागतोच.) कापूस विदर्भाचा, रेल्वे दाराशी, अडचण होती ती नागपूरच्या उन्हाळ्याची. कोरड्या हवेत सुताचा धागा सारखा तुटतो. म्हणून गिरणीत हवा ओली ठेवणारी यंत्रे आली, वायुवीजनाची सोय झाली, आगीवर आपोआप पाणी फवारणारी योजनाही आली. आमच्या घरांच्या दारांवर वाळ्याच्या ताट्या ज्या तत्त्वाने गारवा देत, तेच तत्त्व येथे कारखान्याच्या मापाने वापरले गेले.

मात्र ही ओल प्रथम धाग्यासाठी होती, हे विसरता येत नाही. बाष्पाने भरलेल्या हवेत घाम वाळत नाही. वारा खेळता नसेल तर धागा सुखावतो आणि माणूस घुसमटतो. आजच्या गुणपत्रिकेत आतल्या हवेसाठी रकाना आहे, ही निश्चितच प्रगती होय. पण इमारतीत राबणाऱ्याच्या आयुष्याचे काय होते, याला तेथे फारशी जागा नाही. एम्प्रेस मिलने १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ साली अपघाताची भरपाई सुरू केली. भरपाईचा कायदा यायला १९२३ साल उजाडले. आमच्या मते गिरणीचे खरे मानांकन तिच्या यंत्रांपेक्षा या दोन वर्षांत शोधावे.

नव्या इमारतीचे प्रमाणपत्र मुख्यतः आराखडा आणि बांधकाम पाहून मिळते. पुस्तक वाचकांच्या हाती पडताच परीक्षण छापून यावे, तसे. एम्प्रेस मिलला सव्वाशे वर्षांचे आयुष्य लाभले. १९८६ साली ती टाटांकडून शासनाकडे गेली आणि २००२ साली कायमची थांबली. जुनी बांधणी राखून तिचा नव्याने उपयोग केल्यास हरित मानांकनात गुण मिळतात. येथे तसे घडले नाही. गिरणीच्या जागेवर मॉल उभा राहिला, आणि 'एम्प्रेस' एवढे नाव मात्र त्याने ठेवून घेतले.