शाई बदलताना पेन का धुवायचे?

निळ्या शाईच्या पेनात काळी भरण्यापूर्वी ते धुवावे, हे आपण सारेच शिकलो. त्याचे कारण शाईच्या इतिहासात सापडते.

युरोपात शेकडो वर्षे मायफळातील टॅनिन आणि हिराकस यांची शाई वापरात होती. ती लिहिताना फिकट दिसे. मग हवेतील ऑक्सिजनमुळे तिच्यापासून पाण्यात न विरघळणारा काळा पदार्थ तयार होई. जुने दस्तऐवज टिकले ते त्यामुळेच. टाकाला ही शाई चाले, कारण टाक लगेच पुसता येई. १८८४ साली अमेरिकेत लुईस वॉटरमन यांनी फाउंटन पेनचे पेटंट घेतले. त्यात शाई बारीक खाचांमधून केशाकर्षणाने निबेपर्यंत येते. आता कागदावरचा गुण पेनात दोष ठरला. शाई वाळली की खाचा बुजत.

१८५६ साली पर्किन यांनी कृत्रिम रंग शोधला आणि पुढे अशा रंगांच्या, पाण्यात विरघळणाऱ्या शाया आल्या. पण आम्लधर्मी आणि आम्लारिधर्मी शाया एकत्र आल्या तर साका बसू शकतो. म्हणून शाई बदलताना साधे पाणी निवळ येईपर्यंत पेन धुवावे. गरम पाणी व स्पिरिट टाळावे. त्यांनी एबोनाइट, सेल्युलॉइड बिघडते.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. कोऱ्या चहात हिराकशीचे पाणी घाला. चहा काळा पडेल. लिंबू पिळा, रंग फिका होईल. लोहाच्या शाईचे डाग सौम्य आम्लाने निघतात ते असेच.

मात्र जी शाई पेनातून सहज धुतली जाते, ती कागदावरूनही धुतली जाते. शाळेच्या दाखल्यावर सही करताना हे विसरू नये.